चोविसावी नळी

“पुलावर ट्रक आडवा झालाय. पंधरा-वीस मिनिटं तरी कोणी हलत नाही इथून,” फोनमधून मिशीवाले काका ओरडत होते. आयुष्यभर बसच्या इंजिनावर आवाज चढवून बोलायची सवय. काका निवृत्त झाले, आवाज काही निवृत्त झालेला नाही.

मी बाबांकडे पाहिलं. समोर पसरलेल्या तक्त्यावरची नजर न हलवता त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं.

“त्याला म्हणावं, पुलाच्या अलीकडे डावीकडे घे. जुन्या गिरणीच्या मागून रस्ता आहे. खड्डे आहेत, म्हणून डबा सीटवर ठेवायचा नाही, मांडीवर. चार मिनिटं जातील, वीस नाही.”

“काका, गिरणीमागून या. आणि डबा मांडीवर घ्या.”

“मग गाडी कोण चालवणार?”

“शेजारी कोण आहे?”

“बायको.”

“मग त्यांच्या मांडीवर.”

“तिच्याच मांडीवर आहे गं. सकाळपासून मला हात लावू देत नाहीये.”

बाबांनी हिरव्या पेन्सिलीने त्या चौकोनात ‘अधिक ४’ लिहिलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रयोगशाळेच्या स्वागतकक्षातला सोफा आम्ही ढकलून बाजूला केला होता आणि तिथे एक टेबल, दोन फोन, तीन रंगांच्या पेन्सिली आणि माझी चाकांची खुर्ची असा आमचा थाट मांडला होता. मी खुर्चीतून उठत नाही म्हणून बाबा मला साहेब म्हणतात. त्या दिवशी मात्र साहेब तेच होते. चौतीस वर्षं बस डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस. कुठली गाडी कधी सुटणार, कुठे थांबणार, कोण चालवणार हे ठरवायचं आणि ती पाच मिनिटं उशिरा आली की लोकांच्या शिव्या खायच्या, एवढीच त्यांची कारकीर्द. बढती नाही, बक्षीस नाही. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणतात, शेजारीसुद्धा. मला वाटतं, त्यांचं खरं नाव काही जणांना ठाऊकही नसेल.

आज ते गाड्या नाही, रक्त आणत होते. तीन मार्गांवरून, पंचवीस जणांचं, काचेच्या छोट्या नळ्यांमधून. रक्त काढल्यापासून सहा तासांत प्रयोगशाळेत पोहोचलं तरच त्यातल्या पेशी जिवंत राहणार होत्या. फार थंड चालत नाही, फार गरम चालत नाही, फार हलवलेलं चालत नाही. बाई हे सगळं समजावून सांगत होत्या तेव्हा बाबा म्हणाले होते, “म्हणजे अगदी म्हाताऱ्या प्रवाशासारखं.”

बाई म्हणजे इथल्या संशोधक. या दिवसाआधीची बावीस वर्षं सांगायला हवीत, पण थोडक्यात सांगते, कारण फोन परत वाजेल.

नऊ वर्षांची असताना मी जिना चढताना गुडघ्यावर हात टेकवायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं, कारण बोलताना त्यांचीच जीभ अडखळत होती. एका जनुकात जन्माआधीच झालेली चूक. आधी पायांचे स्नायू जातात, मग हातांचे, पुढचं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, औषध? डॉक्टर म्हणाले, नाही, आणि कोणी शोधतही नाही, कारण असे पेशंट फारच कमी. बाबा म्हणाले, कमी म्हणजे किती? ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरा कोणी तिथे कोसळला असता. बाबांना राग आला. डेपोत हे दुखणं त्यांनी रोज पाहिलं होतं: प्रवासी नाहीत म्हणून गाडी सोडत नाहीत, आणि गाडी नाही म्हणून प्रवासी थांब्यावर येत नाहीत. “आपण आधी प्रवासी गोळा करू,” ते आईला म्हणाले. मग त्यांनी डेपोच्या प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे एक कार्ड चिकटवलं. मूल सारखं पडतं का? जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात चढवत उठतं का? खाली आमच्या घरचा फोन नंबर. पहिला फोन आला तो शेवटची बस किती वाजता आहे हे विचारायला. दुसऱ्याने सांगितलं, आमचा मुलगा सारखा पडतो, पण तो झाडावरून पडतो. चौथ्या महिन्यात एका बाईचा फोन आला आणि ती नुसती रडत राहिली. आई तासभर फोन धरून बसली होती. आमची संस्था सुरू झाली ती त्या दिवशी.

शिंप्याच्या दुकानामागची एक खोली, तिथे फोन आणि मी. शाळा संपल्यापासून हेच माझं काम. खुर्ची कुठली घ्यावी, कुठल्या शाळेत उतार आहे, झोपेत श्वास अडकला तर काय करावं, नवरा दोष देतो त्याला काय सांगावं, हे सगळं मी सांगते, मागून शिलाई मशीनचा आवाज येत असतो. बावीस वर्षांत आम्ही एकूण एकेचाळीस जण शोधले. आज सव्वीस आहेत. जे पंधरा गेले त्यांच्या आयांचे फोन मला अजून येतात.

चार वर्षांपूर्वीही आकडा सव्वीसच होता, आणि तो घेऊन बाबा या प्रयोगशाळेत येऊन बसले होते. माझ्या बिघडलेल्या जनुकातून बनणाऱ्या प्रथिनावर बाईंनी माशांमध्ये काहीतरी शोधल्याचं कात्रण त्यांच्या खिशात होतं. दोन दिवस बाईंनी भेट दिली नाही. तिसऱ्या दिवशी कंटाळून म्हणाल्या, “हे पाहा, माझ्याकडे माशांपुढे जायला काही नाही. मला माणसांच्या पेशी लागतील. निदान सहा पेशंट. ते मला कुठून मिळणार?”

बाबा म्हणाले, “सहाच पुरतील का? मी सव्वीस आणलेत.” आणि वहीच पुढे सरकवली. बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या म्हणे. हे बाबांनी मला इतक्यांदा सांगितलंय की त्या उठल्या तेव्हा खुर्चीचा आवाज कसा झाला तोही मी सांगू शकते.

त्यानंतर चार वर्षं गेली. बाईंकडे आता एक रेणू होता. बशीतल्या पेशींना तो दिला की त्या बंद पडलेलं काम परत सुरू करत होत्या, पण हे फक्त सहा जणांच्या पेशींवर पाहिलेलं. माणसांवर चाचणी करायची परवानगी मागायची तर निदान चोवीस जणांच्या ताज्या पेशी, एकाच दिवशी, एकाच मशीनवर तपासलेल्या हव्यात, असं वरून आलं होतं. ते मोठं मशीन दुसऱ्या विभागाचं. त्यांनी एक दिवस दिला. दुपारी चारला नमुने स्वीकारणं बंद. चोवीस झाले नाहीत तर मशीन दुसऱ्यांना, आणि पुढची तारीख चौदा महिन्यांनी.

चौदा महिने म्हणजे काही फार नाही, असं कोणालाही वाटेल. पण आमच्या यादीत सहा वर्षांच्या जुळ्या बहिणी आहेत. त्या अजून पळतात. वाकड्या पळतात, पण पळतात. चौदा महिन्यांत काय होतं ते मला कोणी सांगायची गरज नाही.

आणि एक सांगून टाकते. बाईंना मी एकदा स्पष्ट विचारलं होतं, मला याचा उपयोग किती. त्यांनीही स्पष्ट सांगितलं. जे स्नायू गेले ते गेले. मला वाईट वाटलं, दोन दिवस मी कोणाशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला आणि कामाला लागले.

तर सव्वीस पेशंट, चोवीस नळ्या हव्यात, दोन हातच्या. बाबांचा हिशेब पक्का होता. डेपोतले त्यांचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर तीन मार्गांवर निघाले होते. काही नळ्या चालू बसमधून येत होत्या, ड्युटीवरचा कंडक्टर डबा सांभाळत होता आणि फाट्यावर मिशीवाल्या काकांच्या हातात देत होता. जिथे दवाखाना जवळ नव्हता त्या मार्गावर आई आणि आमच्या सिस्टर, म्हणजे संस्थेत येणाऱ्या निवृत्त परिचारिका, स्वतः गाडी घेऊन घरोघर रक्त काढत फिरत होत्या. ती गाडी ज्यांच्या हातात होती त्यांना सगळे ‘ब्रेक’ म्हणतात. उतारावरही दुसऱ्या गियरमध्ये चालवतात.

“ब्रेकला तुम्ही हा मार्ग का दिलात?” मी बाबांना विचारलं होतं.

“कारण तो उशिरा येतो, पण रोज तेवढ्याच उशिरा येतो. मी धरलंय ते.”

साडेबाराला पहिला डबा आला. काउंटरवर एक तरुण मुलगी बसली होती, तोंडाला मास्क, नुसते डोळे दिसत होते. एकेक नळी उजेडाकडे धरून बघायची, सोबतचा फॉर्म तपासायची, शिक्का मारायची आणि ट्रेमध्ये ठेवायची. सात आल्या. बाबांनी सात चौकोन रंगवले. एकला मिशीवाले काका आले, गिरणीमागून, सहा मिनिटं उशिरा. बाबा म्हणाले, चार धरली होती. काकू म्हणाल्या, “गिरणीपाशी गाय बसली होती, तिला काय तुमचा तक्ता दाखवू?” त्यांच्या डब्यातून सहा नळ्या निघाल्या. तेरा.

सव्वा एकला एका आईचा फोन आला. मुलाला ताप चढला, दवाखान्यात रक्त घ्यायला नको म्हणाले. ती माफी मागत होती. मी म्हटलं, “ताई, त्याला झोपू द्या. आमच्याकडे दोन जास्तीच्या आहेत.” बाबांनी तो चौकोन खोडला आणि माझ्याकडे बघून एक बोट दाखवलं. एक हातची गेली.

दोनला थेट इथवर येणाऱ्या दुसऱ्या बसमधून सहा आल्या. त्यातली एक नळी मुलीने उजेडात धरली, तिरकी केली, परत धरली. “हे साकळलंय,” ती म्हणाली. “चालणार नाही.” ती आमच्या यादीतल्या शाळामास्तरांची नळी होती. त्यांना फोन केला तर म्हणाले, “हात मोडून दुसरी पाठवू का?” पण ते पाच तासांच्या अंतरावर होते. बाबांनी तेही बोट मिटलं. अठरा जमल्या होत्या आणि हातची एकही उरली नव्हती.

त्यानंतरच्या सव्वा तासात मी काय काय बोलले मला आठवत नाही. छातीत एक प्रकारचा कल्ला चालला होता. भीती नव्हती ती, किंवा भीतीच होती पण मजेची. जुळ्यांची आई दर दहा मिनिटांनी फोन करून विचारत होती, किती झाले. शाळामास्तर विचारत होते. शिंपीसुद्धा विचारत होता. बाई तीनदा बाहेर येऊन गेल्या आणि तिन्ही वेळा म्हणाल्या, “मी सहज आले.” मला हसू आवरत नव्हतं. इतकी माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीसाठी श्वास रोखून आहेत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

तीन पंचवीसला ब्रेक यांची गाडी दारात लागली. बाबांनी धरली होती त्या मिनिटाला. आई डबा छातीशी धरून आत आली, मागून सिस्टर. पाच नळ्या. मुलीने पाचही उजेडात धरल्या, पाचही चांगल्या. मिशीवाल्या काकांनी टाळी वाजवली. बाबांनी तक्त्यावरचे शेवटचे चौकोन भरले, पेन्सिल खाली ठेवली आणि सुस्कारा सोडला.

“चोवीस,” ते म्हणाले.

मुलीने ट्रे मोजला. मग परत मोजला. “तेवीस आहेत, काका.”

“अहो, सव्वीसमधून दोन गेल्या.”

“तुमचं बरोबर असेल. पण इथे तेवीस आहेत.”

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. डबे उलटे करून झाले. ब्रेक गाडीत सीटखाली शिरले. काकू म्हणाल्या, माझ्या मांडीवरून काही पडलेलं नाही, हवं तर शपथ घेते. मी कंडक्टरला फोन लावला, तो म्हणाला, सहा घेतल्या, सहा दिल्या. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. चौतीस वर्षांत त्यांची एकही गाडी हरवली नव्हती. ते पुन्हा पुन्हा तक्त्यावरून बोट फिरवत होते आणि ओठ हलत होते. तीन अडतीस झाले. बाई बाहेर येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. या वेळी त्या ‘सहज आले’ म्हणाल्या नाहीत.

काउंटरवरच्या मुलीने संस्थेची नोंदवही मागितली. एका हाताने वही, दुसऱ्याने तक्ता, असं ती एकेक नाव ताडून बघायला लागली. पहिल्याच नावाला थांबली.

“तक्त्यात पंचवीसच नावं आहेत,” ती म्हणाली. “वहीतलं एक नंबरचं नाव यात नाही. हे पेशंट कुठे असतात?”

तिने नाव वाचलं. ते माझं होतं.

मग सिस्टर हसायला लागल्या, आणि मी. तक्ता करताना मी फोनची यादी वाचत गेले आणि बाबा लिहीत गेले. फोनच्या यादीत मी असणार कशी? फोन करणारी तर मीच. बावीस वर्षांपूर्वी जिच्यासाठी हे सगळं सुरू झालं, तिचंच नाव आम्ही दोघं मिळून विसरलो होतो. कित्येक आठवडे मी सगळ्यांना सांगत होते, पेशंटनी भरपूर पाणी प्या, पेशंटनी सैल बाह्यांचे कपडे घाला, आणि मी त्यातली नव्हतेच. मला कोणीतरी विसरल्याचा इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

बाबा हसत नव्हते. ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच आत्ता दारातून आत आले.

“साहेब,” ते म्हणाले, आणि पेन्सिल उचलून तक्त्याखाली नवा चौकोन आखायला लागले.

“बाबा, चौकोन मागाहून आखा, आत्ता वेळ नाही. सिस्टर, हात कुठला देऊ?”

डाव्या हातात शीर मिळाली नाही. उजव्यातही नाही. माझे हात आता तसे राहिलेले नाहीत, शिरा आत कुठेतरी लपून बसतात. आईने माझी मनगटं चोळून गरम केली. सिस्टरनी तिसऱ्यांदा सुई तळहाताच्या मागच्या बाजूला घातली आणि म्हणाल्या, “ये बाई ये.” रक्त आलं, हळूहळू, पण आलं. नळी भरायला चार मिनिटं लागली. मिशीवाले काका खिडकीकडे तोंड करून उभे होते, त्यांना रक्त बघवत नाही हे मला त्या दिवशी कळलं. तीन एक्कावन्नला नळी काउंटरवर होती.

“फॉर्म?” मुलगी म्हणाली.

माझी बोटं आता लिहायचं काम करत नाहीत. बाबांनी पेन काढलं. नाव, वय एकतीस, नातं वडील. भराभर लिहीत होते. मी घड्याळ बघत होते, आई मला बघत होती. श्वासाला यंत्राची मदत लागते का: झोपताना. हात डोक्यावर नेता येतो का: नाही. तिथवर ठीक होतं. मग त्यांचं पेन थांबलं.

मी मान तिरकी करून वाचलं. ‘रुग्ण आधाराशिवाय शेवटचा कधी चालला? वर्ष लिहा.’

“मी चौदा वर्षांची होते ना तेव्हा,” मी म्हटलं. मला तारीख आठवत नव्हती. मला तर असा काही एक दिवसच आठवत नव्हता. एक पाऊल कमी, मग दोन कमी, असं करत ते संपलं, एवढंच मला ठाऊक होतं. “सतरा वर्षं वजा करा आणि लिहा. तीन चोपन्न झाले.”

बाबांनी वर्ष लिहिलं. त्याच्याआधी महिना लिहिला, त्याच्याआधी तारीख. मग स्वल्पविराम देऊन पुढे लिहिलं, सकाळी आठ पंचवीस.

“हे कसं काय?” मी विचारलं.

“मी ड्युटीला निघालो होतो,” ते खाली बघतच म्हणाले. “तू दारापर्यंत आलीस. भिंतीला न धरता. दुसऱ्या दिवशी मी आठ पंचवीसला थांबलो, तू आली नाहीस. मला वाटलं, झोपली असेल. मग रोज थोडा थांबायचो.”

“किती दिवस?”

“वर्षभर थांबलो असेन.”

आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिलाही हे माहीत नव्हतं, तिच्या तोंडावरून दिसत होतं. बाबांनी सही केली आणि फॉर्म काउंटरवर ठेवला. मुलीने तो वाचला. त्या ओळीपाशी आली तेव्हा तिने मास्कवरून एकदा बाबांकडे पाहिलं.

“नुसतं वर्ष पुरलं असतं, काका,” ती म्हणाली. पण खोडलं नाही. शिक्का मारला, नळी उजेडात धरली, तेविसांच्या शेजारी ठेवली आणि ट्रे दोन्ही हातांनी उचलून आत गेली. बाई तिच्या पुढे जवळजवळ पळतच निघाल्या होत्या. माझे दोन्ही फोन एकाच वेळी वाजायला लागले, जुळ्यांच्या आईचा मी आधी घेतला आणि म्हटलं, “झाले, ताई. चोवीस झाले,” आणि तिकडे दोन लहान पोरींच्या नाचण्याचा धाडधाड आवाज ऐकू आला.

बाबा अजून काउंटरपाशीच उभे होते. पेन खिशात गेलं होतं, टोपण मात्र त्यांच्या हातातच राहिलं होतं.